दोरा कापडापेक्षा किंचित कच्चाच हवा

दोरा घेताना आपण रंग जुळवतो आणि ओढून ‘पक्का आहे ना’ एवढं पाहतो. पण शिवणीचा दोरा कापडापेक्षा किंचित कच्चाच असावा. जोराचा ताण आला की दोघांपैकी एक तुटणारच. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, कापड फाटलं तर रफूशिवाय इलाज नाही आणि रफू दिसतोच. साडीचा फॉल हे याचं नेमकं उदाहरण. जुन्या रेशमी साडीला जाड पॉलिस्टर दोऱ्याने फॉल लावला आणि काठात पाय अडकला, तर दोरा दाद देत नाही, टाक्यापाशी रेशीमच चिरतं. तिथे बारीक सुती किंवा रेशमी दोरा हवा, टाकाही सैलसर.

सुती दोरा लवकर विरतो, मग सगळीकडे पॉलिस्टरच का नको, असं कुणी म्हणेल. जीन्सला, पिशव्यांना तो जरूर वापरावा. तिथे कापडच दणकट असतं. टी-शर्टलाही तोच बरा, कारण सुती दोरा फारसा ताणला जात नाही आणि गळा डोक्यातून घालताना शिवण तटकन तुटते. मात्र सुती कपडा शिवून मग रंगवायचा असेल तर पॉलिस्टर नकोच. सुताचा रंग त्याला चढत नाही. जाडीसाठी रिळावरचा आकडा वाचावा: तिकीट नंबर मोठा तितका दोरा बारीक, टेक्सचं उलट, ते १,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. लेबल नसेल तर टोक जाळून पाहावं. सुताची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो.