लाखेच्या ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरविताना

78 फेऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवून घेतली की गुणगुण, खटखट व चिरकेपणा हे दोष बहुधा एकदमच कानी पडतात, आणि सर्वांचे खापर मुद्रिकेच्या वयावर फोडले जाते. हा निवाडा घाईचा होय. दोष खाचेत आहे, तारांत आहे की संगणकात, हे ठरविल्यावाचून केलेली दुरुस्ती गाण्यालाच खरवडून काढते.

प्रथम सुई उचलून धरावी. तरीही मंद गुणगुण चालू राहिली तर ती विजेची होय; भारतातील वीज सेकंदास 50 आवर्तनांची असल्यामुळे ती 50 व 100 कंपनांपाशी आढळते. लॅपटॉप केवळ बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबल्यास ध्वनिवर्धक व संगणक यांचे अर्थिंग दोन निरनिराळ्या वाटांनी झाले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

खटखटीची परीक्षा याहून सोपी आहे. तोच भाग पुन्हा वाजवावा. आवाज त्याच शब्दावर आला तर दोष मुद्रिकेचा, आणि दर पाऊण सेकंदाने येत असेल तर तडा निश्चित. जागा बदलली तर मात्र संगणक इतर कामांत गुंतल्याने नोंद तुटत आहे. ओरखड्यांचा आवाज गाण्याहून मोठा असतो, म्हणून पातळी बरीच खाली ठेवावी. मर्यादेपलीकडील लाटेचा माथा छाटला जातो व मागाहून तो परत मिळत नाही. मायक्रोफोनच्या छिद्रात तार जोडल्यानेही हाच चिरकेपणा उद्भवतो.

सुईकडे तर अनेकांचे लक्षच जात नाही. लाँगप्लेची सुई सुमारे 25 मायक्रॉनची असते. ती 78 फेऱ्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत, लोळत राहते. तेथे सुमारे 70 मायक्रॉनची सुई हवी. शिवाय 1954 नंतर रूढ झालेली स्वरसंतुलनाची योजना हल्लीच्या ध्वनिवर्धकांत बसविलेली असते. विद्युत् ध्वनिमुद्रण 1925 साली आले. तत्पूर्वीच्या कर्ण्यासमोर गायिलेल्या मुद्रिकांना ती लावली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा भासतो.

अभ्यासकाची खरी फसगत होते ती वेगाने. 78 हा आकडा आरंभीच्या काळी नाममात्रच होता. 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजविली तर काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनवर जाऊन बसतो, आणि लयही चढते. अशा नोंदीवरून पट्टी, लय वा तानेची गती यांविषयी काढलेले अनुमान कितपत ग्राह्य मानावे? साथीची पेटी, त्याच गायकाच्या इतर मुद्रिका व आवाजाची जात यांच्या आधारे वेग ठरवावा आणि तो नोंदीसोबत लिहून ठेवावा.

मुद्रिका धुताना स्पिरिट वापरू नये. त्यात लाख विरघळते.

खरखर काढणाऱ्या प्रणाली अखेरीस, आणि प्रतीवरच चालवाव्यात. सारंगीचे वरचे स्वर व गायकाचा श्वास त्यांना खरखरीसारखेच वाटतात. मूळ नोंद 96 किलोहर्ट्झ, 24 बिटांची, अस्पर्श ठेवावी. शेवटची शांतताही कापू नये. 1902 साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या गेल्या. गौहरजानप्रमाणे त्या काळचे अनेक कलावंत गाणे संपल्यावर आपले नाव उच्चारीत, आणि कागदी चिठ्ठी झिजून गेलेल्या मुद्रिकेत गायकाची ओळख तेवढीच उरलेली असते.