वेतन एका गावचे, भाव दुसऱ्या गावचे

माणूस जेथे काम करतो तेथेच किंवा तेथून जवळपास राहतो, ही गोष्ट अर्थशास्त्राने इतकी गृहीत धरली होती की ती शब्दांत मांडण्याची गरजही कोणास फारशी भासली नाही. मुंबईत गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर चाळी उभ्या राहिल्या. कचेऱ्यांच्या वेळा पाहून लोकलगाड्यांची वेळापत्रके आखली गेली. संगणक आणि इंटरनेट यांनी काम व मुक्काम यांची ही सांगड प्रथम सैल केली आणि मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीने ती पुष्कळांच्या बाबतीत तोडूनच टाकली. हिशेब ठेवणे, भाषांतर करणे, आराखडे काढणे, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे अशी कामे करणारा माणूस आज एका खंडात बसतो आणि त्याला पगार देणारी कचेरी दुसऱ्या खंडात असते. या दूरस्थ कर्मचाऱ्याच्या जीवनाचा ताळेबंद मांडायचा, तर आइसलंडची राजधानी रेक्याविक हे उदाहरण बोलके आहे. शहर लहान आहे, थंड आहे आणि महाग आहे. अशा कर्मचाऱ्याला त्याने दार उघडले आहे. मात्र ते किती उघडायचे याचे मापही ठरवून ठेवले आहे.

दाराचे माप

२०२० च्या अखेरीस आइसलंडने दूरस्थ कर्मचाऱ्यांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची योजना सुरू केली. तिच्या अटी थोडक्यात अशा: अर्जदाराचे मासिक उत्पन्न किमान १० लाख क्रोना असावे, जोडीदार बरोबर असल्यास १३ लाख, त्याची नोकरी वा व्यवसाय परदेशातील असावा, स्थानिक श्रमबाजारात त्याने काम धरू नये, आजारपणाचा विमा त्याचा त्याने उतरवावा, आणि मुक्काम जास्तीत जास्त १८० दिवसांचा असावा. ढोबळमानाने १० लाख क्रोना म्हणजे सात लाख रुपयांच्या आसपास होतात. याखेरीज आणखी एक अट आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या ज्या देशांच्या नागरिकांना शेंगेन प्रदेशात शिरण्यास व्हिसा लागत नाही, त्यांनाच ही सवलत मिळते. भारतीय नागरिकास तो लागतो. तेव्हा उत्पन्नाची अट पुरी करणारा पुण्याचा अभियंताही या दारातून आत जाऊ शकत नाही. त्याने केलेले काम मात्र कोणत्याही व्हिसावाचून रोज समुद्र ओलांडते. श्रमाला मोकळीक आणि श्रमिकाला मज्जाव, असा हा प्रकार आहे.

या अटींतील सर्वांत अर्थपूर्ण आकडा १८० हा होय. आइसलंडच्या करकायद्यानुसार बारा महिन्यांच्या काळात १८३ दिवसांहून अधिक राहणारा मनुष्य तेथील पूर्ण करदाता ठरतो. व्हिसाची मुदत या मर्यादेच्या तीन दिवस अलीकडेच संपते. पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, याचा निवाडा या तीन दिवसांनी केलेला आहे.

ऊब आणि उजेड

उत्तर ध्रुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही रेक्याविकची थंडी कल्पनेइतकी कडक नाही. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतले सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. माणसाला जेरीस आणतो तो तेथील वारा, आणि त्याहूनही अधिक तेथील अंधार. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी अकरानंतर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. १९६८ पासून आइसलंडचे घड्याळ बारा महिने ग्रिनिच वेळेवर चालते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या कचेरीसाठी काम करणाऱ्याचा दिवस हिवाळ्यात दुपारी दोनला सुरू होतो आणि दीड तासात बाहेर रात्र पडते. भारतातील एखाद्या कंपनीसाठी काम करणाऱ्याला तर सकाळी दहाच्या हजेरीसाठी पहाटे साडेचारला दिवा लावावा लागेल. घड्याळ परमुलखाचे आणि अंधार येथला, अशा ओढाताणीत त्याचे महिने जातात.

ऊब मात्र या शहरात मुबलक आहे आणि आश्चर्य म्हणजे स्वस्तही आहे. १९३० साली शहरालगतच्या गरम झऱ्यांचे पाणी नळाने आणून एक शाळा, रुग्णालय आणि सुमारे साठ घरे गरम करण्यात आली. १९४३ मध्ये शहराबाहेरच्या रेकिर येथून मोठी नळवाहिनी आली. तोवर हिवाळ्यात शहरावर कोळशाच्या धुराचे सावट असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारने या कामाला देशभर गती दिली आणि आज तेथील दहापैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेवर ऊब घेतात. घरांतून वापरून निघालेले कोमट पाणी पुढे पदपथांखालून खेळवले जाते आणि तेथील बर्फ वितळवते. सबंध शहरासाठी एकच सार्वजनिक बंब पेटलेला असावा, असा हा थाट आहे. पण हा बंब निसर्गाने आयता दिला, असे समजणे चुकीचे होईल. झरे निसर्गाचे, नळ, पंप आणि टाक्या करदात्यांच्या. तीन पिढ्यांनी वर्गणी भरली म्हणून आज आलेल्या पाहुण्याची खोली उबदार राहते.

महागाईचा अर्थ

अशा पाहुण्याची पहिली तक्रार महागाईची असते. बेटावर धान्य, फळे, कापड, यंत्रे बाहेरून यावी लागतात. बहुतेक वस्तूंवर २४ टक्के आणि खाद्यपदार्थांवर ११ टक्के मूल्यवर्धित कर आहे. पण महागाईचे सर्वांत महत्त्वाचे कारण बोटीच्या भाड्यात नाही. ते तेथील वेतनव्यवस्थेत आहे. आइसलंडमध्ये किमान वेतनाचा आकडा सरकार ठरवीत नाही. तो कामगार संघटना आणि मालक यांच्या सामुदायिक करारांतून ठरतो. १९८० च्या एका कायद्याने असा करार त्या धंद्यातील प्रत्येक कामगाराला लागू केला आहे, मग तो संघटनेचा सभासद असो वा नसो. दहातील जवळपास नऊ कामगार संघटनेत आहेतच. साहजिकच उपाहारगृहात कॉफी आणून देणाऱ्याला पोटभर वेतन, पगारी रजा आणि निवृत्तिवेतनाची तरतूद मिळते, आणि त्या सर्वांचा वाटा कॉफीच्या किमतीत मिसळलेला असतो.

बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे जे प्रतिपादन केले ते येथे उपयोगी पडते. पुण्यात केस कापणाऱ्याचा हात रेक्याविकमधल्यापेक्षा मंद चालतो असे नाही. ज्या देशात निर्यातीच्या धंद्यांची उत्पादकता मोठी असते, तेथे त्या धंद्यांतील वेतन इतर सर्वांचे वेतन वर ओढते. म्हणून तेच केस कापणे तेथे कितीतरी पट महाग पडते. आइसलंडच्या बाबतीत हे काम मासळी, ॲल्युमिनियम आणि पर्यटन यांनी केले. उलट बाजूने पाहिले, तर आपल्याकडे ज्या स्वस्ताईचे कौतुक होते तिच्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईंची आणि जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोराची अपुरी मिळकत दडलेली असते. महाग शहरात निदान ही मिळकत किमतीच्या पाटीवर उघड लिहिलेली आहे.

दूरस्थ कर्मचाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. जो भाव तो मोजतो त्यात दुसऱ्याची रजा आणि दुसऱ्याचे निवृत्तिवेतन धरलेले आहे. त्याच्या स्वतःच्या वेतनात ते असेलच असे नाही. त्याचा पगार तेथील करारात बसत नाही. अमेरिकेतील मोठ्या कंपनीचा तो नोकर असेल तर त्याला झळ लागत नाही. पण युरोपातील स्वस्त देशांचे नागरिक मुक्त संचाराच्या हक्काने तेथे जाऊन राहू शकतात, आणि त्यांच्यात कामागणिक मोबदला घेणारे स्वतंत्र व्यावसायिकही असतात. त्यांच्या कामाचा दर मनिला, लागोस आणि इंदूर येथील स्पर्धकांच्या बोलीवर ठरतो आणि खोलीचे भाडे रेक्याविकच्या बाजारावर. वेतन एका गावचे आणि भाव दुसऱ्या गावचे, ही ओढाताण फार दिवस कोणालाच झेपत नाही.

तिच्यात एकाकीपणाची भर पडते. कचेरी म्हणजे केवळ कामाची जागा नव्हे. डबा वाटून खाण्याची, रजा बदलून घेण्याची, अडीअडचणीला हातउसने मागण्याची ती जागा असते. चार भिंतींच्या खोलीत पडद्यासमोर बसणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. रेक्याविकमध्ये त्याची थोडीबहुत भरपाई नगरपालिकेचे गरम पाण्याचे तलाव करतात. उघड्या आकाशाखाली, बर्फ पडत असताना, चाळीस अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून तेथील माणसे राजकारणापासून मासळीच्या भावापर्यंत सर्व गोष्टींवर बोलतात. प्राध्यापक आणि खलाशी तेथे सारखेच. आपल्याकडे चावडीला किंवा देवळाच्या पाराला जे स्थान होते तेच या कुंडाला आहे. परक्याला अनोळखी शहरात बसण्याची हक्काची जागा मिळते ती बहुधा हीच.

वर्गणी कोणाची?

हे तलाव कोण चालवते, हा प्रश्न मात्र त्या कुंडात बसून सहसा विचारला जात नाही. तिकिटाच्या पैशांत ते चालत नाहीत. तलाव, शाळा, रस्त्यावरचे बर्फ काढणे ही कामे आइसलंडमध्ये नगरपालिकांची आहेत आणि त्यांचे सर्वांत मोठे उत्पन्न रहिवाशांच्या मिळकतीवरील स्थानिक कराचे आहे. त्याचा दर जवळजवळ १५ टक्के पडतो. दूरस्थ कर्मचारी खरेदी करताना मूल्यवर्धित कर देतो हे खरे. पण तो राष्ट्राच्या तिजोरीत जातो. ज्या नगराची ऊब, पाणी आणि पदपथ तो वापरतो त्या नगराला त्याच्या मिळकतीतून काही मिळत नाही. तीन दिवसांचे ते अंतर येथे आड येते.

घरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आणि तिच्यातील दोन-तृतीयांश लोक राजधानीच्या परिसरात राहतात. २००८ च्या ऑक्टोबरात तेथील तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. त्यानंतर पर्यटनाने देशाला सावरले खरे, पण २०१८ साली सुमारे २३ लाख प्रवासी आले तेव्हा राहत्या घरांचे रूपांतर पाहुण्यांच्या खोल्यांत होऊ लागलेलेच होते. म्हणून १ जानेवारी २०१७ पासून आपले घर पर्यटकांना वर्षातून ९० दिवसांपेक्षा जास्त देण्यास मनाई करण्यात आली. पुढे महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवत नेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो ९.२५ टक्क्यांवर पोचला. तेव्हा घरभाड्याचा सारा दोष मूठभर दूरस्थ कर्मचाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण टंचाईच्या बाजारात बाहेरच्या वेतनाने भाडे देऊ शकणारा प्रत्येक माणूस स्थानिक शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या बोलीवर मात करतो, हेही नाकारता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मधील एका घटनेने रहिवासी आणि पाहुणा यांतील फरक ठळक केला. रेक्याविकच्या नैर्ऋत्येस असलेल्या रेक्यानेस द्वीपकल्पावर ८ फेब्रुवारीस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि लाव्हारसाने गरम पाण्याची मुख्य नळवाहिनी तोडली. वीस हजारांहून अधिक लोकांची घरे ऐन हिवाळ्यात गार पडली. कामगारांनी रात्रंदिवस खपून काही दिवसांत पर्यायी नळ जोडला. रहिवाशांनी वीज जपून वापरली आणि घरांत थंडी सोसली. अशा प्रसंगी ज्याची नोकरी संगणकाच्या पिशवीत मावते तो विमानतळाकडे वळू शकतो. त्यात गुन्हा काही नाही. पण नळ पुन्हा जोडण्याची जबाबदारी ज्यांना निघून जाता येत नाही त्यांच्यावरच राहते.

हा प्रश्न दूरच्या बेटापुरता नाही. कोकणात एके काळी मनीऑर्डर येत असे आणि माणूस मुंबईत राही. गावची घरे त्या पैशांवर शाकारली जात. आता महानगरातला पगार घेऊन माणूसच गावात येतो. २०२० नंतर दिल्ली, बंगळूर आणि मुंबई येथून गोव्यात मुक्कामाला गेलेल्यांमुळे आसगाव, हणजूण या भागांत घरभाडी किती चढली, हे तेथील भाडेकरू सांगतील. आलेल्यांना हाकलणे हा त्यावर उपाय नव्हे आणि हात जोडून त्यांची सरबराई करणे हाही नव्हे. जो राहतो त्याने पहिल्या महिन्यापासून त्या स्थळाला काही द्यावे आणि स्थळाने त्याला नोंद, दवाखाना आणि संघटनेचे छत्र द्यावे, हा सरळ व्यवहार आहे.

महाराष्ट्रातील शिक्षक-कारकुनांना हे तत्त्व परके नाही. १९७५ साली व्यवसाय कर बसला तो रोजगार हमी योजनेला पैसा पुरवण्यासाठी. आजही पगारपत्रकात महिन्याला २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची वजावट दिसते. वर्षाकाठी २,५०० रुपये ही रक्कम मोठी नाही. पण शहरात पगार घेणाऱ्याचे खेड्यातल्या दुष्काळाशी नाते आहे, हे ती दर महिन्याला बजावते. रेक्याविक काय किंवा आसगाव काय, दूरस्थ कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात तो राहतो त्या गावासाठी असा एखादा रकाना आज नाही. १८० आणि १८३ यांमधील तीन दिवसांवर कर वाचवण्यापेक्षा तो रकाना भरणे त्याच्याही हिताचे आहे. कारण नळ फुटल्यावर कोणाला हाक मारायची, हे त्यावरूनच ठरते.