आगीने सोडले, ते त्यांनी का मोडले?

ईद होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्डातून ठिणगी उडाली आणि पाहता पाहता सोफा पेटला. आम्ही सहाजण अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. निघताना धाकट्या लेकीने झोपण्याच्या खोलीचे दार तेवढे ओढून घेतले.

101 वर फोन केला. अग्निशमन दलाच्या जवानांनी आल्याबरोबर विचारले, "आत कोणी आहे का?" मग मेन स्विच बंद झाला, स्वयंपाकघरातला सिलिंडर बाहेर आला. पाण्याचा पाइप तयार होताच एकाने खिडकीच्या काचा फोडल्या. आग विझल्यावर त्यांनी आकड्याने पीओपीचे छत पाडले, जळका सोफा चिरला. अम्मी रडत म्हणाल्या, "आगीने जे सोडले, ते हे का मोडतायत?" खरे सांगायचे तर आम्हालाही राग आला होता.

त्यांच्या अधिकाऱ्यांनी अम्मींना शांतपणे समजावले, "आजी, तापलेला धूर छताखाली साचतो. तो फार तापला की सगळी खोली एकदम पेटते. म्हणून त्याला वाट करून द्यावी लागते. पण पाणी हाताशी नसताना खिडकी उघडली, तर हवा मिळून आग भडकते. छतात आणि गादीत निखारा लपून राहतो. तो शोधला नाही, तर रात्री पुन्हा यावे लागेल."

झोपण्याची खोली मात्र जवळजवळ तशीच होती. बंद दाराने धूर आणि उष्णता अडवली होती. बाहेर पडताना दार लावून घ्यावे, धूर असेल तर वाकून चालावे आणि सामानासाठी परत आत जाऊ नये, हे आता आमच्या घरातली लहान मुलेही सांगतात.

पुढचे दिवस कठीण गेले. शेजाऱ्यांनी आठवडाभर जेवण पुरवले. आवराआवर करण्याआधी आम्ही फोटो काढले, पोलीस पंचनामा करून घेतला आणि अग्निशमन दलाचा दाखला घेतला. विम्यासाठी हेच कागद लागले. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू केली नाही. धूर लागलेले धान्य जड मनाने टाकून दिले. अम्मींनी हजसाठी डब्यात जमवलेल्या नोटा करपल्या होत्या. अशा नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात द्याव्या लागतात आणि नोटेचा किती भाग शाबूत आहे, त्यावर रक्कम ठरते. म्हणून त्या न चुरगाळता, न सुट्या करता, डब्यासकट नेल्या.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावरची आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस पाळला जातो. यंदा त्या दिवशी अम्मींनी शीरखुर्म्याचा डबा भरून आम्हाला अग्निशमन केंद्रात पाठवले. म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्या दिवशी मी रागावले होते. माफ करा म्हणावे."