छोट्या गाडीचे मोठेपण

१९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि आमच्या करमाळा-माढ्याकडची ज्वारीची शिवारे हळूहळू उसाची झाली. आता उसाचे बिल आले, की दारात गाडी हवी आणि तीही शेजाऱ्यापेक्षा मोठी! हप्ते मात्र पुढची काही वर्षे फेडायचे.

अशा वेळी मला जपानच्या 'केई' गाड्या आठवतात. १९४९ मध्ये तिथल्या सरकारने छोट्या गाड्यांचा हा वेगळा वर्ग ठरवला. आज त्यांची मर्यादा आहे इंजिन ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर. ती पाळणाऱ्याला कमी कर. तिथल्या गल्लीबोळांना सोयीच्या या गाड्या बहुतांशी जपानातच विकल्या जातात.

तरी त्यांच्यातलीच एक आपल्या घरची झाली. सुझुकीची १९७९ ची 'अल्टो' तिथे ५३९ सीसीची होती. तिचेच ७९६ सीसीचे भावंड डिसेंबर १९८३ मध्ये 'मारुती ८००' म्हणून आपल्याकडे आले. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

पण कॅनॉलकडेच्या अरुंद वाटेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तर अंग चोरून बाजूला होणारी गाडी तीच. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचे, तर रुबाब नव्हे, अशी चपळाईच कामाला येते.

म्हणून मंडळी, यंदाचे बिल आले, की शोरूमला जाण्याआधी एकदा आपल्या वस्तीवरच्या वाटेची रुंदी मोजा. आणि हो, हप्त्यांची लांबीही!