मापाची सूट आणि हाताचे अंतर

यंत्रविद्येचा पाया कशात आहे, असे विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण वाफ, वीज किंवा तेल यांकडे बोट दाखवितात. आमच्या मते तो पाया मापात आहे. अधिक नेमके बोलायचे तर, मापात किती चूक चालवून घ्यावयाची याच्या ठरावात आहे. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून आमच्या पट्ट्यातलेच उदाहरण घेऊ.

भोसरीच्या एखाद्या लहान शॉपमध्ये लेथवर २५ मिलिमीटर व्यासाची पिन तयार होते. ती ज्या भोकात बसावयाची, ते भोक चाकणच्या दुसऱ्याच कारखान्यात पडते. त्या दोघा कामगारांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरी टेम्पोतून उतरलेली पिन कानस न लावता भोकात सरकते. जुना मिस्त्री असता तर त्याने भोक पाहून पिन घासली असती. मग ती पिन त्याच भोकाची, इतरत्र निरुपयोगी. तो सुतात बोले, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताच्या खाली त्याचा हात आणि डोळा. त्या हाताला आमचा नमस्कार असो. पण त्याच्यावर दिवसाला शेकडो मोटारी निघत नाहीत.

ड्रॉइंगवर नुसते २५ लिहून भागत नाही, कारण नेमकी २५ ची पिन जगात कोणालाच करता येत नाही. म्हणून लिहितात : भोक २५.००० ते २५.०२१, पिन २४.९८७ ते २५.०००. या सुटीला शॉपमध्ये टॉलरन्स म्हणतात. भोकाला २१ मायक्रॉन, पिनेला १३. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावे. या हद्दीतली कोणतीही पिन कोणत्याही भोकात बसते आणि फार तर ३४ मायक्रॉन मोकळी राहते. तपासणीला दोन तोंडांचे गेज असते : ‘गो’ तोंड भोकात शिरलेच पाहिजे, ‘नो-गो’ शिरता कामा नये. नवा शिकाऊ मुलगाही पहिल्या दिवशी हा निवाडा करू शकतो.

मापाला हवाही बाधते. १०० मिलिमीटर पोलाद एका अंशाने सुमारे १.१५ मायक्रॉन वाढते. जगभर मापाचे तापमान २० अंश धरले आहे. वैशाखात पत्र्याच्या शेडखाली ४० अंश झाले की तोच तुकडा २३ मायक्रॉन लांब भरतो. म्हणून मोजणीच्या खोलीत गारवा असतो, आणि जॉब करणाऱ्याच्या डोक्यावर पुष्कळदा पंखासुद्धा नसतो.

ही विद्या प्रथम बंदुकीच्या कारखान्यांत पिकली. स्वीडनमधल्या अशाच एका कारखान्यातील योहान्सन याने १८९६ च्या सुमारास पोलादी ठोकळ्यांचा संच योजिला. थोडे ठोकळे एकमेकांस चिकटवून हवे ते माप उभे करता येई. आमच्याकडे पिंपरीस १९५४ साली पेनिसिलीनच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि माळरानावर शेडी उठल्या. मोटारींचे मोठे कारखाने आले तसे मायक्रॉनही आले.

आता त्याच शॉपमधली पत्र्याची प्रेस पाहू. धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने घातलेच होते. आजच्या चांगल्या प्रेसपुढे किरणांचा पडदा असतो. बोट आत गेले की प्रेस थांबते. पण थांबायला वेळ लागतो. म्हणून हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतो असे धरून गणित करतात. बोटसुद्धा ओळखणारा बारीक पडदा असेल आणि थांबायला ०.१५ सेकंद लागत असेल, तर पडदा साच्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर हवा. पुढे ब्रेक झिजतो, ०.१५ चे ०.२० होतात. आता अंतर ४० सेंटिमीटर हवे. पडदा मात्र जिथल्या तिथे. दिवा हिरवाच जळत असतो आणि ऑपरेटर निर्धास्त असतो.

अशी बोटे गेलेली माणसे आम्ही दवाखान्यात पाहिली आहेत. चौकशीत शेवटी ‘कामगाराची निष्काळजी’ असे लिहितात. बहुधा तो कंत्राटी, दुसरी पाळी सलग ओढणारा. पिनेच्या १३ मायक्रॉनसाठी दर तासाला नोंद होते. ब्रेकच्या वेळेची नोंद मागितली तर शोधाशोध सुरू होते. वेळ मोजण्याचे यंत्र मिळते, मोजणीला फार वेळ लागत नाही. फक्त तेवढा वेळ प्रेसमधून माल निघत नाही.

विद्यार्थ्यांना कारखाने दाखवायला नेतात तेव्हा गेज आणि रोबो कौतुकाने दाखवितात. ते जरूर पाहावे. मग प्रेसजवळ उभे राहून, ब्रेकची वेळ शेवटची कधी मोजली आणि ती किती भरली, एवढे विचारावे.