धुराड्याच्या दरजा

नेसरीत आमच्या घरामागे गुऱ्हाळ आहे आणि त्याच्या चुलवाणाला विटांचे धुराडे आहे. आजोबांच्या काळी ते चुन्यात बांधले. काही वर्षांपूर्वी वरच्या दरजांमधला चुना पावसाने धुपून बोटभर आत गेला, तेव्हा मी त्यात सिमेंट भरून घेतले. काम चोख दिसले. चार पावसाळ्यांत विटांचेच पापुद्रे सुटू लागले आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या राहिल्या. धुराडे पाडून पत्र्याची नळी बसवावी, असे घरात ठरत आले. चूक माझी होती, म्हणून चुन्याच्या मागे लागलो.

दोन विटांमधला सांधा म्हणजे दरज. ती विटेपेक्षा कच्ची असावी लागते. ऐकायला हे उलटे वाटते. हंगामात धुराडे रोज तापते, रोज निवते. विटा फुगतात, आखडतात आणि मऊ चुना ती हालचाल पोटात घेतो. भिंतीत शिरलेली ओलही चुन्याच्याच वाटेने बाहेर पडते. सिमेंट ही वाट अडवते. मग ओल विटेतून निघते आणि तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या कातडीखाली गोठून पापुद्रा उचलतात. जुन्या भट्टीची कमी भाजलेली वीट यात हरणारच. दरज झिजली तर पुन्हा भरता येते, वीट गेली की भिंत गेली.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी पडताच तो खदखदतो, फुटतो, विरतो. दरजेत बसल्यावर हवेतला तोच वायू हळूहळू शोषून तो पुन्हा दगड होऊ लागतो. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले. त्याआधीची आपल्याकडची पक्की बांधकामे बहुतेक या चुन्यावरच उभी आहेत.

गुऱ्हाळवाल्याला चुना परका नाही. काहिलीतल्या रसाचा आंबटपणा मारायला आणि मळी वर आणायला चुन्याची निवळी घालतात. उलट, जुने गवंडी चुन्याच्या घाणीत गुळाचे पाणी घालत. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो. सिमेंटला मात्र गोड सोसत नाही. वजनाच्या एक टक्का साखर मिसळली तरी ते नीट धरत नाही. गुऱ्हाळाच्या बादलीत कालवलेले सिमेंट का फसते, याचे उत्तर एवढेच.

गेल्या वर्षी पाऊस थांबल्यावर परांची बांधली. सिमेंट काढायला ग्राइंडर लावू दिला नाही, छिन्नी-हातोडीने सावकाश काढले. तरी काही विटांचे कोपरे उडाले. त्या काढून उलट्या फिरवून बसवल्या. दरज जितकी रुंद, त्याच्या निदान दुप्पट खोल मोकळी केली, धूळ झाडली आणि भिंत आदल्या रात्री भिजवली. हे भिजवणे टाळले तर कोरडी वीट चुन्यातले पाणी ओढून घेते आणि दरज भुसभुशीत राहते. मिश्रणात एक भाग विरवलेला चुना, तीन भाग वाळू आणि सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी; तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. एकदम न भरता दोन थरांत दाबून भरले आणि वर ओली गोणपाटे लावली. चुलवाणाजवळचा खालचा भाग मातीतच ठेवला. चुन्याने बांधलेले पाणी पाचशे अंशांच्या आसपास सुटू लागते, तिथे त्याचा उपयोग नाही.

खरी अडचण वेळेची. पाऊस थांबतो तेव्हाच गाळपाची घाई सुरू होते, आणि चुन्याला तर आठवडे हवे असतात. चुलवाण पेटवायला आम्ही मार्गशीर्ष उजाडू दिला. तोवर एका फडाचा ऊस कारखान्याला गेला. त्यावरून घरात बोलणी खाल्ली, ती रास्तच होती.

यंदाच्या पावसात वरच्या दोन थरांच्या दरजा थोड्या धुपल्या. विटा शाबूत आहेत. उरलेला विरवलेला चुना रांजणात पाण्याखाली ठेवलाय, तो वर्षानुवर्षे टिकतो. पाऊस पुरता उघडला की परांची पुन्हा बांधायची आहे.