हातमोजा शेवटी येतो

डायमिथाइल मर्क्युरी हा पाऱ्याचा विषारी द्रव दिसायला पाण्यासारखा, वजनाला मात्र पाण्याच्या तिप्पट जड. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात 14 ऑगस्ट 1996 रोजी प्रा. कॅरन वेटरहान यांनी या द्रवाची बंद कुपी आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केली, वाफ कमी व्हावी म्हणून. मग वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या आत, डोळ्यांवर चष्मा आणि हातात लॅटेक्सचे मोजे घालून त्यांनी पिपेटने जरासा द्रव बारीक नळीत घेतला. एनएमआर यंत्रावर पाऱ्याची मोजणी करायची तर तुलनेला एक मानक लागतं, ते त्या काळी हेच असे. पिपेटच्या टोकावरून एखाद-दोन थेंब मोज्यावर पडले. काम आटोपलं, मोजे काढले, हात धुतले.

जड धातूंचे विषारी परिणाम हाच वेटरहान यांच्या अभ्यासाचा विषय. कोणी नवखा विद्यार्थी घाईगडबडीत चुकला, अशी ही गोष्ट नाही. चार-पाच महिने ठळक असं काही दिसलं नाही. मग 1997च्या जानेवारीत चालताना तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, दृष्टीचा आवाका आक्रसत गेला. रक्त तपासलं तर लिटरमागे 4000 मायक्रोग्रॅम पारा, म्हणजे विषारी मानल्या जाणाऱ्या पातळीच्या 80 पट. उपचारांनी काही पारा बाहेर पडला, पण मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. 8 जून 1997 रोजी त्या गेल्या. वय 48.

हे सगळं त्या दोन थेंबांनीच केलं कशावरून? उत्तर त्यांच्या केसांत सापडलं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि त्या-त्या वेळी रक्तात जे असेल त्याची नोंद ठेवत जातो. केसाचा इंच-इंच तपासल्यावर पाऱ्याची पातळी एकदाच, ऑगस्टनंतर, एकदम चढलेली आणि मग हळूहळू उतरत गेलेली दिसली. वारंवार संपर्क नव्हता. एकदाच झाला होता.

मग मोज्यांची चाचणी झाली. लॅटेक्समधून हा द्रव 15 सेकंदांच्या आत पलीकडे जातो असं आढळलं. मोज्याला भोक पडत नाही, तो फाटत नाही, वितळत नाही. बाहेरून पाहावं तर धडधाकट. रबराच्या लांब रेणूंच्या मधल्या फटींतून लहान, तेलकट स्वभावाचे रेणू शिरतात आणि आतल्या बाजूने बाहेर पडतात. रसायन मोज्याला लागल्यापासून आत पोचेपर्यंतच्या वेळेला ब्रेकथ्रू टाइम म्हणतात. प्रत्येक रसायन आणि प्रत्येक मोजा यांची जोडी वेगळी. आज सगळीकडे दिसणारे निळे नायट्राइलचे मोजे अनेक तेलांना दाद देत नाहीत, पण ॲसिटोनपुढे त्यांचा फार निभाव लागत नाही. डायमिथाइल मर्क्युरीसाठी आता आत प्लॅस्टिकच्या अनेक थरांचा मोजा आणि त्यावर लांब बाह्यांचा निओप्रीनचा मोजा, अशी जोडी सांगितली जाते. मुळात तो द्रव वापरूच नका, मानक म्हणून पाऱ्याचे साधे क्षार चालतात, हेही सांगितलं जातं. मला हा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

सुरक्षेच्या शास्त्राचा क्रमही तोच आहे. आधी विचारायचं, ही वस्तू लागतेच का? लागत असेल तर तिच्या जागी सौम्य काही चालेल का? नसेल चालत तर ती आणि माणूस यांच्यामध्ये काच, पंखा, बंद नळी असं काही घालता येईल का? मग कामाची लेखी पद्धत आणि प्रशिक्षण. हातमोजा, चष्मा, एप्रन हे सगळ्यात शेवटी, कारण वरचं सगळं चुकलं तर तेवढंच उरतं. आपल्याकडे मात्र ‘सेफ्टी’ म्हटलं की मोज्यांचा खोका मागवतात आणि विषय मिटवतात.

फ्यूम हूडचंच घ्या. समोरची काच ठरलेल्या उंचीपर्यंत खाली असेल, तर दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढली जावी, अशी त्याची रचना. पण जागेची टंचाई कुठल्या प्रयोगशाळेला नाही? बघता बघता हूडचं कपाट होतं. मागच्या फटीसमोर ॲसिडच्या बाटल्यांची रांग लागते, हवा अडते, भोवरे उठतात आणि वाफ थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. पंखा घरघरतोय, म्हणजे हूड चालू आहे, एवढ्यावर सगळे निर्धास्त.

नाकावरही फार विसंबू नये. किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइड, तो सडक्या अंड्यांचा वास, जुन्या बीएस्सीवाल्यांना जन्मभर आठवतो. वास येतोय तोवर सावध तरी राहता येतं. हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या पुढे गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजणारा तिथेच फसतो.

वेटरहान यांनी त्या काळची मान्य पद्धत पाळली होती. माहितीच अपुरी होती. 29 डिसेंबर 2008 रोजी लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जे झालं त्यात माहितीची उणीव नव्हती. टर्ट-ब्युटिल लिथियम हवा लागताच पेट घेतं, हे पाठ्यपुस्तकात आहे. 23 वर्षांची संशोधन सहायक ते प्लॅस्टिकच्या सिरिंजने काढत होती. दट्ट्या निसटला, द्रव उडाला, अंगातला कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला. अंगावर एप्रन नव्हता. 18 दिवसांनी ती गेली. तिच्या प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर फौजदारी खटला भरला गेला. अमेरिकेत विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या अपघातावरून असं त्याआधी झालं नव्हतं. शेवटी दोन्ही प्रकरणं समझोत्याने मिटली. यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: ती पगारी कर्मचारी होती म्हणून कामगार-सुरक्षेचा कायदा तिला लागू झाला. त्याच टेबलाशी तेच काम करणारी विद्यार्थिनी असती, तर त्याच कायद्याला तिथे हात घालणं अवघड गेलं असतं.

म्हणजे प्रयोगशाळेत ‘कामगार’ कोण, हेच आधी ठरवावं लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 5 डिसेंबर 2018 रोजी हायपरसॉनिक प्रयोगशाळेत स्फोट होऊन एकाचा जीव गेला आणि तिघे जखमी झाले, तेव्हा हे सगळे तिथल्या एका स्टार्टअपसाठी काम करणारे होते. आपल्या कॉलेजांत प्राध्यापक आणि विद्यार्थी डोळ्यांसमोर असतात; पण बॅच सुटल्यावर बेसिनशी उभा राहून क्रोमिक ॲसिडमध्ये काचेची भांडी घासणारा, मोठ्या बाटलीतून लहान बाटल्यांत ॲसिड ओतणारा लॅब अटेंडंट कुठल्या प्रशिक्षणाच्या यादीत असतो?

आणि यादीच्या पार बाहेरचीही माणसं असतात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं एक गामा उपकरण 1985पासून नुसतं पडून होतं. डेड स्टॉकमध्ये गेलेली वस्तू जशी निघते तसं तेही 2010च्या फेब्रुवारीत लिलावात निघालं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. शिशाचं कवच फोडलं गेलं. आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-60चा अर्धायुष्यकाळ सव्वापाच वर्षांचा, म्हणजे उपकरण आणल्यापासूनच्या चार दशकांत किरणोत्सार मूळच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास उतरलेला. तेवढाही पुरला. एकाने तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये काळवंडलेली कातडी आणि गळणारे केस घेऊन माणसं रुग्णालयात आली, तिथल्या डॉक्टरांना शंका आली, आणि मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवण्यात आलं. मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं मापकं घेऊन मायापुरीच्या दुकानांतून तुकडे शोधत फिरली. 26 एप्रिलला एका कामगाराचा मृत्यू झाला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.